हाताला लागलेली खिडकी

१

दोघी बहिणींच्या घरात चित्राची सुरुवात धाकटीच्या हातून व्हायची आणि शेवट थोरलीच्या. धाकटी जमीन करायची. चित्राच्या मागे रंगांचा आणि खडबडीत थरांचा जो पसारा असतो, जो सगळ्यांना दिसतो पण जो बघायला म्हणून कुणी येत नाही, त्याला या दोघी जमीन म्हणत. थोरली त्या जमिनीवर कापडाचे तुकडे, बटणं, फाटकी पाकिटं, दोऱ्यांचा गुंता असं काय काय चिकटवून चित्र पुरं करायची. नाव अर्थातच थोरलीचं व्हायचं आणि धाकटीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायचा तिचा पिंडच नव्हता. सकाळी उठल्यावर काहीतरी लिंपायला मिळालं की तिचा दिवस चांगला जायचा.

धाकटीला सगळे ढब्बू म्हणत. लहानपणी ती गुबगुबीत होती म्हणे. आता पन्नाशीला टेकली होती, अंगाने काडीपैलवान झाली होती, पण नाव काही अंगावरून उतरलं नव्हतं. थोरली म्हणजे ताई. घरातही ताई आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचीही ताईच.

कामाची खोली घरातली सगळ्यात मोठी. मधोमध टेबल, भिंतीला टेकून ठेवलेल्या फळ्या, खिडकीखाली रंगांचे डबे. खालच्या रस्त्यावरून सायकलींच्या घंटा आणि समोरच्या शिंप्याच्या मशीनची खडखड वर यायची. ढब्बूची पद्धत ठरलेली होती. आधी फळीवर पांढऱ्या जेसोचे, म्हणजे अस्तराच्या रंगाचे हात. ते वाळले की टेक्श्चर पेस्ट, लांबीसारखी घट्ट, पातळ पात्याने पसरलेली. ती ओली आहे तोवर तिच्यावर काय वाटेल ते दाबायचं आणि उचलायचं: चुरगळलेला कागद, जाळीचं कापड, खोक्याचा पन्हळीचा पुठ्ठा, दात पडलेला कंगवा. मग हेअर ड्रायरने थर वाळवायचा, त्यावर गडद रंग पाण्यासारखा सोडायचा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा, म्हणजे रंग खाचांत राहतो आणि उंचवटे मोकळे होतात. शेवटी कोरड्या ब्रशने उंचवट्यांवरून फिकट रंग नुसता ओढायचा. मन भरेपर्यंत असे थरावर थर चढवत राहायचं.

त्यात कसलाही आकार येऊ द्यायचा नाही, एवढा एकच नियम तिने स्वतःला घालून घेतला होता. झाड दिसायला लागलं की ते पुसायचं. चेहरा दिसायला लागला की त्याच्यावरून कंगवा फिरवायचा. आकार हे ताईचं काम. "दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये," असं ती म्हणायची आणि नियम पाळायची.

ताईची नजर कडेकडेने मिटत चालली होती. आता तिला समोरचं तेवढं दिसायचं, तेही नळीतून बघितल्यासारखं आणि भरपूर उजेड असला तर. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळा, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून कितीतरी दिवस पडून राहिली होती. जेवायची, हाक मारली की ओ द्यायची, पण घरात नसायची. ढब्बूला त्या दिवसांची अजून धास्ती होती. नजर गेली तर जाऊ दे, आपण हात धरून फिरवू, एवढी तिची तयारी होती. पण ताई पुन्हा तशी निघून गेली तर हात तरी कुणाचा धरायचा? ताईशिवाय तिला कुणी नव्हतं.

२

ती फळी जेवणाच्या टेबलाएवढी होती. ताईनेच मागितली होती. "एक मोठं करायचंय मला, दिसतंय तोवर," ती म्हणाली तेव्हा ढब्बूला ते शेवटचे शब्द टोचले होते. पण काम मागितलंय म्हणजे माणूस अजून आपल्यात आहे, असा विचार करून ती बाह्या सरसावून कामाला लागली. राखाडी, फिकट पिवळा आणि काळसर निळा, एवढेच रंग घेतले. इतकी छान जमीन तिच्या हातून बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

ताई हल्ली जमीन हाताने बघायची. फळी भिंतीला टेकवून उभी केली की ताई तिच्यापुढे स्टुलावर बसायची, डोळे मिटायची आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून बोटं सोडायची. बोटं कधी घसरत जायची, कधी अडखळायची, कधी एकाच जागी घुटमळायची. त्या वेळी ढब्बू मुद्दाम रंगांचे डबे पुसत बसायची. परीक्षेचा निकाल लागताना मास्तरांच्या तोंडाकडे बघू नये, तसं तिला वाटायचं.

त्या दुपारी ताईची बोटं मध्यावर येऊन थांबली.

"ढब्बू, इथे खिडकी का केलीस गं?"

"कसली खिडकी?"

"ही काय. लहानशी आहे. चौकट आहे, खाली कठडा आहे. कडीसुद्धा केलीयस."

"ताई, मला साधी सरळ रेघ मारता येत नाही. चौकट कुठून काढणार मी?"

"तेच म्हणतेय. फार सुबक आहे. तुझी वाटतच नाही."

ढब्बू उठून जवळ गेली. ताईचं बोट होतं तिथे जाळीच्या कापडाचा ठसा होता, त्याच्या बाजूला चुरगळलेल्या कागदाच्या सुरकुत्या होत्या आणि सुरकुत्यांत निळा रंग साठला होता. बस्स. खडबड नीट बघायची तर उजेड बाजूने पडावा लागतो, म्हणून तिने टेबलावरचा दिवा उचलला आणि फळीच्या कडेला धरला. लांब लांब सावल्या पडल्या. त्यांत टेकाडं होती, भेगा होत्या, खिडकी नव्हती.

"पेस्ट वाळताना आक्रसते गं," ती म्हणाली. "कुठेतरी चौकोनी भेग पडली असेल."

"असेल," ताई म्हणाली. तिचं बोट हळूच वर सरकलं आणि काहीतरी बाजूला सारल्यासारखं हललं. "घट्ट बसलीय. वापरात नाही वाटतं."

ढब्बूला हसू आलं. ताईची कल्पनाशक्ती काही आजची नव्हती. नुसत्या बटणांतून तिने बाजार भरवले होते, गावं वसवली होती. ढब्बूने दिवा जागेवर ठेवला आणि ती चहा टाकायला गेली. चहा उकळत असताना तिच्या लक्षात आलं की आपण फळीच्या मध्यावर कंगवा फिरवलाच नव्हता. फिरवायला हवा होता, असं तिला उगीचच वाटलं.

३

मग दुपारच्या जेवणानंतर ताईने फळीपुढे बसायचं हे ठरूनच गेलं. पंखा मंद फिरायचा, शिंप्याचं मशीन मधेच थांबून पुन्हा सुरू व्हायचं, पडद्यातून पिवळा उजेड गाळून यायचा. ताईची बोटं फळीवर चालत राहायची आणि ती झोपेत बोलल्यासारखी, थांबत थांबत बोलायची. ढब्बूला ते ऐकायला आवडायला लागलं. खरं सांगायचं तर तिलाही त्या आवाजाने गुंगी यायची.

"उघडली एकदाची," ताई एके दिवशी म्हणाली. "पलीकडे खोली आहे."

"मोठी आहे?"

"बऱ्यापैकी. उन्हाची आहे. फरशीवर उन्हाचा पट्टा पडलाय. बोट ठेवलं की ऊब लागते, जरा सरकवलं की गार. किती स्वच्छ खोली आहे गं. फक्त कठड्यावर धूळ आहे."

"आपलं जुनं घर आहे का? मागच्या खोलीत दुपारी ऊन यायचं बघ."

"छे. आपण इथे कधीच गेलो नाही."

हे ती अगदी सहज म्हणाली. ताई उठली तेव्हा ढब्बूने नेहमीसारखी तिची बोटं फडक्याने पुसली. फडक्यावर करड्या धुळीचा डाग उमटला आणि त्याच्या शेजारी तांबूस, गंजासारखी एक रेघ. ढब्बू त्या रेघेकडे बघत राहिली. फळीवर तांबूस रंग कुठेच नव्हता. फडकं नवीन होतं, कालच तिने जुन्या चादरीचं फाडून केलं होतं. असेल एखाद्या डब्याच्या झाकणाचा गंज, तिने मनाला सांगितलं. झाकणं गंजतातच. मग तिने घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं बघितली. ती प्लास्टिकची होती.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच ताईच्या शेजारी बसली. "दाखव मला तो तुझा पट्टा."

"डोळे मिट."

तिने डोळे मिटले. ताईने तिच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला जुना व्रण सवयीने चाचपला, तिची तर्जनी धरली आणि फळीवर फिरवली. खडबड, खडबड, एक खाच, पुन्हा खडबड. स्वतःच्या हाताचं काम, तिला पाठ असलेलं. आणि मग एकाएकी बोटाखाली सपाट, गुळगुळीत आणि ऊन लागलेली फरशी होती.

ढब्बूने हात मागे घेतला. समोर राखाडी, पिवळी, निळी जमीन होती. तिने पुन्हा बोट टेकवलं, उघड्या डोळ्यांनी, जागा बदलून बदलून. फळी सगळीकडे गारच लागली.

"लागला ना?" ताईने विचारलं. तिचा चेहरा इतका खुलला होता की ढब्बूला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. तिने नुसतं "हं" केलं. फळी उन्हात राहिली असेल, एवढी समजूत तिने रात्रीपर्यंत पुरवली. त्या भिंतीवर ऊन कधी येतच नाही, हे तिला माहीत होतं. पण ताई पोटभर जेवत होती, गुणगुणत होती, 'दिसतंय तोवर' हे शब्द तिच्या तोंडून गेलेच होते. चांगल्या चाललेल्या गोष्टीला नाट कशाला लावायचा, असं म्हणून ढब्बू भांड्यांकडे वळली.

४

फ्रेमवाला आला तो नेहमीसारखा जिन्यातूनच बोलत आला. हा माणूस एवढा बोलका की घरातली शांतता तो जाऊन तासभर झाला तरी परत यायची नाही.

"काय ढब्बूताई, आज माझ्यासाठी चहा आहे की नुसताच रंगाचा वास?"

"आधी काम करा, मग चहा."

"म्हणजे चहा नाही. कळलं." त्याने टेप काढली. "ही का ती मोठी? वा. मागून पट्टी मारायला आजच घेऊन जातो. वाकायला नको."

त्याने फळी उचलायला हात लावला. एक हात कडेला, एक हात मध्यावर. आणि थांबला. बोलायचाही थांबला. त्याने मध्यावरचा हात काढून बघितला, पँटला पुसला आणि पुन्हा बघितला.

"ओली आहे का अजून?"

"कधीच वाळलीय. का?"

"नाही, काही नाही." त्याने टेप गुंडाळली. "हाताला जरा वारं लागल्यासारखं झालं."

"पंखा चालू आहे," ढब्बू म्हणाली.

त्याने वर पंख्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "हो, पंखा आहे की," तो म्हणाला. मग आज टेम्पो नाही, उद्या येतो, परवा नक्की, असं काहीतरी पुटपुटत तो निघाला. चहा टाकलाय, असं ढब्बूने जिन्यात ओरडून सांगितलं तरी तो वळला नाही. तिने दोन कप चहा एकटीनेच प्यायला. पंख्याचं वारं तळहाताला लागतं, पण फळीकडून नाही लागत, हा हिशेब तिने मनात मांडला आणि लगेच पुसून टाकला.

५

ताई चिकटवायचं नावच काढेना. बटणांचा ट्रे झाकलेला तसाच होता.

"सुरुवात कधी करायची?" ढब्बूने विचारलं.

"अजून खोली पुरती कळली नाही गं. आज खुर्ची सापडली. वेताची आहे." ताईची बोटं हलकेच फिरली. "बसायची जागा गरम आहे. आत्ताच कुणीतरी उठून गेलंय."

ढब्बूने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, पुरे आजच्याला."

"थांब ना."

"पुरे म्हटलं ना."

ताई उठली, पण लहान मुलाला खेळातून उठवल्यावर ते जसं उठतं तशी. त्या संध्याकाळी ती फारशी बोलली नाही. ढब्बूने दोनदा हाक मारली तेव्हा तिने ओ दिली, आणि ती ओ ढब्बूच्या ओळखीची होती. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या दिवसांतली. 

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याझाल्या ताई स्वतःच भिंत चाचपत फळीपाशी गेली. ढब्बू उष्टी उचलून आली तेव्हा ती हसत होती.

"आज बसलीय."

"कोण?"

"गुडघा लागला माझ्या हाताला. मी आपलं सॉरी म्हटलं. तर हसली."

"ऐकू आलं तुला?"

"नाही गं. गुडघा हलला ना."

 डॉक्टरीणबाईंना फोन करावा, असं ढब्बूला वाटलं. नजर गेल्यावर मन नाही नाही ते दाखवतं, असं त्या एकदा बोलल्या होत्या. होय, तेच असणार. मनाचे खेळ. मग तिला फ्रेमवाल्याचा हात आठवला आणि तिने फोनचा विचार सोडला. त्याचं मन काही खेळ करण्यातलं नव्हतं.

"बाई चांगली आहे," ताई म्हणत होती. "माझ्या तळहातावर लिहून विचारत होती, तुमच्याकडे कोण कोण असतं. म्हटलं, मी आणि ढब्बू. ढब्बू कशी आहे म्हणाली. म्हटलं, जिवाला जीव देणारी आहे."

"माझं नाव कशाला सांगितलंस?"

"अगं, विचारलं तिने."

ढब्बू उठून स्वयंपाकघरात गेली. चहाचं निमित्त होतं.  परत आली तेव्हा ताईची बोटं फळीवर फिरत नव्हती. पूर्ण पंजा टेकवून ती बसली होती, कपाळ फळीला लागेल इतकी जवळ, आणि ओठ हलत होते.

"ताई."

ओ नाही.

"ताई, चहा."

पंखा फिरत होता. खाली सायकलची घंटा वाजली. ढब्बूने कप खाली ठेवला, ताईचं मनगट धरलं आणि ओढलं. हात येईना. चिकटला होता म्हणावं तर पंजाभोवती काहीच नव्हतं, कोरडी फळी आणि कोरडा हात. ढब्बूने भिंतीला पाय लावला आणि सगळा जीव एकवटून ओढलं. पलीकडून कुणीतरी विचार करून पकड सोडावी तसा हात सावकाश सुटत आला.

ताईने डोळे गच्च मिटून घेतले होते. अंधारातून एकदम उन्हात आलेल्या माणसासारखे. तिने तोंडासमोर हात धरला आणि ती उभी राहिली. ढब्बूने तिला पलंगापर्यंत नेलं. हात बर्फासारखा गार होता. पांघरूण घातल्याबरोबर तिचा डोळा लागला.

६

आता मागेपुढे बघण्यात अर्थ नव्हता. बिघडलेली जमीन मोडायची कशी हे ढब्बूला चांगलं माहीत होतं. ती खरवडायची नसते. खरवडलं तर फळी उखडते आणि खुणा राहतातच. ती बुजवायची असते. खाचा भरून काढायच्या, वाळवायचं, पॉलिश पेपरने घासायचं आणि पुन्हा भरायचं, हात कुठेही अडखळणार नाही इतकं. हाताला काही लागलंच नाही तर ताई कुठे जाईल?

तिने फळी टेबलावर आडवी केली, पेस्टचा नवा डबा फोडला आणि रुंद पातं घेतलं. आडवे हात, मग उभे. कागदाच्या सुरकुत्या बुजल्या, जाळीचा ठसा बुजला, निळ्या भेगा एकेक करून पांढऱ्या झाल्या. मध्यावर मात्र पेस्ट राहीना. भरली, सपाट केली, पातं पुसायला वळली की तिथे पुन्हा खड्डा. तिने जास्त घेतली. तीही गेली. एवढ्याशा खाचेत एवढी पेस्ट मावायचं कारण नव्हतं. पण ढब्बूने कारण शोधायचं सोडून दिलं होतं. ती भरत राहिली. फळीने सबंध डबा खाल्ला, दुसऱ्याचा तळ दिसायला आला, तेव्हा कुठे पेस्ट ठरली.

मग तिने हेअर ड्रायर लावला. त्याच्या घोंघाटात तिला आपल्या नावाची हाक आल्यासारखं वाटलं. बारीक, लांबून, ताईच्या आवाजात. तिने ड्रायर बंद केला. काही नाही. शिंप्याचं मशीनही थांबलेलं होतं. ती दबक्या पावलांनी ताईच्या खोलीत जाऊन आली. ताई गाढ झोपली होती, कुशीवर, हात गालाखाली. ढब्बूने पांघरूण सारखं केलं, परत येऊन ड्रायर लावला आणि आणखी एकदा हाक आली तेव्हा बंद केला नाही.

पेस्ट वाळून टणक झाली. तिने पॉलिश पेपर चालवला, आधी जाड, मग बारीक, शेवटी ओल्या फडक्याने भुकटी पुसून घेतली. फळी भिंतीला उभी केली आणि वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत तळहात फिरवला. हात सुळकन घसरला. कुठे टेकाड नाही, खाच नाही, काही नाही. किती दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला. ताई रागावेल, रडेल, रुसेल. रुसू दे. समजूत काढायला आपण आहोत, आणि जिची काढायची तीही आहे, असं म्हणून ती भिंतीला टेकली आणि तिचे डोळे भरून आले.

७

ताई उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ढब्बूला आधी पावलं ऐकू आली आणि मग उमगलं की पावलांबरोबर हात भिंतीवरून सरकत यायचा तो आवाज नाही. तिने वळून बघितलं. ताई दारातून सरळ आत आली, वाटेतल्या स्टुलाला वळसा घालून खिडकीपाशी गेली आणि पडदा बाजूला करून खाली बघायला लागली.

"ताई?"

"लाल सायकल आहे," ताई म्हणाली. "मागे टोपली आहे. आणि ते बघा, पक्षी."

पक्षी समोर नव्हता. तो उजवीकडे, पार कडेला तारेवर बसला होता. जिथलं ताईला दोन वर्षांत काही दिसलं नव्हतं, तिथे. 

"तुला दिसतंय?"

"सगळं दिसतंय. किती आहे इथे बघायला."

ढब्बू धावली आणि तिने ताईला मिठी मारली. ती हसत होती आणि रडत होती. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं, फ्रेमवाल्याला सांगायला हवं, मोठं चित्र करायचं, आणखी मोठं करायचं, काय वाटेल ते करायचं. ताईने मिठी मारू दिली. तिचे स्वतःचे हात मात्र खालीच राहिले. मग तिने ढब्बूच्या खांद्याला धरून तिला जरा लांब केलं आणि तिचा चेहरा कौतुकाने, नीट, पहिल्यांदा बघावा तसा बघितला.

"तुम्हीच ढब्बू ना?" तिने विचारलं.

खालून मशीनची खडखड पुन्हा सुरू झाली. ढब्बू हसायचं म्हणून हसली, कारण ताईला थट्टा करायची सवय होती आणि ही थट्टाच असायला हवी होती. समोरची बाईही हसली. छान, मोकळं हसली आणि पुन्हा खिडकीकडे वळली. ढब्बू एकेक पाऊल मागे सरकत फळीपाशी आली. मागे न बघता तिने हात टेकवला, काहीतरी आधार हवा म्हणून.

हाताला उंचवटा लागला.

ती वळली. मघाशी काचेसारख्या असलेल्या पांढऱ्या जमिनीवर, मध्यावर, चार बारीक फुगवटे आले होते. ड्रायरची उष्णता जास्त झाली की पेस्ट फुगते. तिने हजारदा बघितलं होतं. पण ते फुगवटे शेजारी शेजारी होते आणि पाचवा जरा खाली, बाजूला. टोकाशी प्रत्येकावर नखाएवढा सपाट भाग होता. तिने त्यांच्यावर आपला तळहात ठेवला. ते उबदार होते. आणि मग ते तिच्या तळहाताखाली हलले. वरच्या डाव्या बाजूने निघाले, सावकाश, घुटमळत, अडखळत तिच्या अंगठ्याच्या मुळापर्यंत आले, तिथला जुना व्रण त्यांनी चाचपला आणि ते तिथेच घट्ट दाबून राहिले.

टेबलावर छिन्नी होती. ढब्बूची नजर तिच्याकडे गेली. ही पेस्ट एकदा वाळली की पाण्याने सुटत नाही. ती फोडावीच लागते, आणि फोडायची तर पहिला घाव नेमका या बोटांवर पडणार होता. तिने छिन्नीकडे हात नेला नाही. ती ओल्या फडक्याने घासू लागली, नखांनी कोरू लागली आणि दुसरा हात तिने तिथेच ठेवला. "आहे मी, ताई," ती अगदी हळू म्हणाली. "इथेच आहे." नखांना पांढरी भुकटीसुद्धा लागत नव्हती. काम फार चांगलं झालं होतं.

मागे पडदा सरकल्याचा आवाज झाला. पावलं टेबलापर्यंत आली आणि थांबली.

"वाळली का हो पूर्ण?" ताईच्या आवाजात विचारणा झाली, काळजीने, आपुलकीने.

 ढब्बूच्या तळहाताखालची बोटं एकदम आक्रसली. तिकडेही ते ऐकू गेलं होतं.